संगणकाची शिकवणी आणि मराठीची कसोटी

संगणकाकडून काम करून घ्यायचे तर त्याच्याच भाषेत बोलावे लागते, हा अनेक दशकांचा अनुभव. हिशेब असो, रेल्वेचे आरक्षण असो वा साखर कारखान्यातील उसाच्या वजनाची नोंद असो, प्रत्येक कामासाठी कोणीतरी आधी आज्ञावली लिहावी आणि मग यंत्राने ती ओळीने पाळावी, अशी ही व्यवस्था होती. गेल्या काही वर्षांत या व्यवस्थेला एक नवा पर्याय उभा राहिला आहे. काय करायचे ते साध्या माणसाच्या भाषेत सांगावे, जमल्यास एकदोन उदाहरणे द्यावीत आणि संगणकाने पूर्वी कधी न केलेले कामही त्यावरून करून दाखवावे, अशी ही पद्धत आहे. संशोधक तिला सूचनाधारित प्रशिक्षण म्हणतात. चॅटजीपीटीसारख्या संवादी प्रणालींचा पाया याच पद्धतीने घातला गेला. मात्र ही शिकवणी प्रामुख्याने इंग्रजीत झाली. साहजिकच, मराठीत दिलेली सूचना यंत्राला कितपत उमगते आणि ती चुकीची उमगली तर किंमत कोण मोजतो, हा प्रश्न महाराष्ट्रापुढे उभा आहे. अहिल्यानगर जिल्ह्यासारख्या शेतीप्रधान भागात तर तो अधिकच प्रत्यक्ष होतो.

आज्ञावली आणि सूचना

या दोन पद्धतींतील फरक समजून घेण्यासाठी राहुरीचे उदाहरण सोयीचे आहे. १९६८ साली स्थापन झालेल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘फुले जल’ आणि ‘फुले इरिगेशन शेड्यूलर’ ही मोबाइलवर चालणारी साधने तयार केली. हवामान, जमीन आणि पीक यांची माहिती दिली की पिकाला पाणी केव्हा आणि किती द्यावे, याचे गणित ती मांडून देतात. बाष्पीभवनाची सूत्रे शास्त्रज्ञांनी आधीच ठरवलेली असतात आणि साधन ती केवळ सोडवते. उत्तर चुकले तर चूक सूत्रात आहे की भरलेल्या माहितीत, हे शोधता येते. पण त्याच साधनाला ‘कांद्यावर करपा पडलाय, काय करू?’ असे विचारून भागत नाही, कारण तो प्रश्न त्याच्या आज्ञावलीत नाही.

सूचनेवरून शिकणाऱ्या प्रणालीचे याच्या नेमके उलट असते. तिला कोणताही प्रश्न विचारता येतो आणि ती बहुधा उत्तर देतेच. परंतु त्या उत्तरामागे तपासता येईल असे एखादे सूत्र नसते. अब्जावधी शब्द वाचून तयार झालेला भाषेचा अंदाज आणि त्यावर माणसांनी केलेले संस्कार, एवढेच तिचे भांडवल असते. पहिल्या प्रकारचे यंत्र मर्यादित पण हिशेबी, तर दुसरे ऐसपैस पण बेभरवशाचे, असे स्थूलमानाने म्हणता येईल.

कल्पना जुनीच

यंत्राला शिकवावे, ही कल्पना मात्र नवी नाही. ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी १९५० साली ‘माइंड’ या नियतकालिकातील लेखात असे सुचवले होते, की प्रौढ माणसाच्या मनाची नक्कल करण्याऐवजी लहान मुलाच्या मनासारखे यंत्र घडवावे आणि मग त्याला शिक्षण द्यावे. शाबासकी आणि शिक्षा यांचा वापरही त्यांनी सुचवला होता. अमेरिकी संशोधक जॉन मॅकार्थी यांनी १९५८ साली ‘सल्ला घेणारा’ अशा आशयाच्या एका आज्ञावलीची कल्पना मांडली. यंत्राला सुधारायचे तर त्याची रचना उलगडून पुन्हा लिहावी लागू नये, त्याला नुसते सांगून ते सुधारावे, असा तिचा गाभा होता. पुढे १९७० च्या सुमारास अमेरिकेतील ‘एमआयटी’ या संस्थेत टेरी विनोग्राड यांनी ‘श्रुडलू’ ही प्रणाली तयार केली. पडद्यावरील ठोकळे उचलण्याच्या व ठेवण्याच्या इंग्रजी आज्ञा ती पाळत असे. पण ठोकळ्यांच्या त्या चिमुकल्या जगाबाहेर तिला काहीच कळत नव्हते.

पन्नास वर्षे अडलेली ही वाट मोकळी झाली ती २०१७ साली. गुगलमधील आठ संशोधकांनी ‘ट्रान्सफॉर्मर’ ही नवी रचना मांडली. या आठ जणांत निकी परमार यांचा समावेश होता आणि त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्यातील पुणे इन्स्टिट्यूट ऑफ कॉम्प्युटर टेक्नॉलॉजी या महाविद्यालयात झाले होते. या रचनेमुळे प्रचंड मजकूर वाचून पुढचा शब्द ओळखणारी भाषा-प्रारूपे घडवणे शक्य झाले. २०२० मधील ‘जीपीटी-३’ या प्रारूपात १७५ अब्ज चल मूल्ये होती. एवढे अवाढव्य प्रारूप असूनही ते आज्ञाधारक नव्हते. ‘या उताऱ्याचा सारांश लिहा’ असे म्हटले, तर सारांश लिहिण्याऐवजी ते तसाच आणखी एखादा प्रश्न पुढे जोडून देई. वाचन अफाट, पण सांगितलेले काम करण्याची सवय नाही, अशी ही स्थिती होती.

शिकवणीचे तीन टप्पे

ती सवय कशी लावावी, याचा बहुचर्चित आराखडा ‘ओपनएआय’ कंपनीने २०२२ च्या आरंभी ‘इन्स्ट्रक्टजीपीटी’ या नावाने प्रसिद्ध केला. त्याचे तीन टप्पे आहेत.

पहिला टप्पा कित्त्याचा. सुमारे चाळीस माणसांची निवड करून त्यांच्याकडून सूचना आणि तिचे उत्तम उत्तर अशा जोड्या लिहून घेण्यात आल्या. अशा सुमारे १३ हजार सूचनांवर प्रारूपाला गिरवायला लावले गेले.

दुसरा टप्पा परीक्षणाचा. एकाच सूचनेला यंत्राने दिलेली चार ते नऊ उत्तरे माणसांसमोर ठेवायची आणि त्यांनी ती चांगल्याकडून वाईटाकडे क्रमाने लावायची. या क्रमवारीवरून एक वेगळे ‘परीक्षक’ प्रारूप तयार होते. माणसाला कोणते उत्तर आवडेल, याचा अंदाज ते गुणांच्या रूपाने देते.

तिसरा टप्पा सरावाचा. यंत्र उत्तरे देत राहते, परीक्षक गुण देत राहतो आणि अधिक गुण मिळतील अशा दिशेने यंत्र स्वतःला वळवत जाते. या तंत्राचे बीज २०१७ मधील एका प्रयोगात होते. पडद्यावरील एका आभासी बाहुलीला माणसाने केवळ सुमारे ९०० वेळा ‘या दोन हालचालींपैकी ही बरी’ असे सांगून उलटी कोलांटी मारायला शिकवले होते. कोलांटीचे सूत्र कोणीही लिहून दिले नव्हते.

या शिकवणीचा परिणाम थक्क करणारा होता. शिकवलेले १.३ अब्ज चल मूल्यांचे छोटे प्रारूप न शिकवलेल्या, शंभरपटीहून मोठ्या प्रारूपापेक्षा परीक्षकांना अधिक पसंत पडले. आकारापेक्षा संस्कार महत्त्वाचे ठरले. मात्र त्याच अहवालात आणखी एक नोंद होती. प्रशिक्षणाच्या मजकुरातील ९६ टक्क्यांहून अधिक भाग इंग्रजी होता.

माणसांसाठीच्या सूचना यंत्राला

याच सुमारास विद्यापीठांतून एक समांतर प्रयत्न चालू होता आणि त्यात भारतीय वंशाच्या संशोधकांचा मोठा वाटा होता. अमेरिकेतील ॲरिझोना स्टेट विद्यापीठाचे स्वरूप मिश्रा, चित्ता बराल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली एक साधा पण नामी विचार मांडला. महाजालावर कंत्राटी कामगारांकडून मजकुराचे काम करून घेताना त्यांना लेखी सूचना दिल्या जातात. मग त्याच सूचना यंत्राला का देऊ नयेत? अशा ६१ कामांच्या संग्रहापासून सुरुवात झाली. २०२२ मध्ये तो १,६१६ कामांपर्यंत, ७६ प्रकारांपर्यंत आणि ५५ भाषांपर्यंत वाढला.

या संग्रहातील प्रत्येक कामाची मांडणी शाळेतल्या धड्यासारखी आहे. आधी कामाची व्याख्या, मग बरोबर उत्तरांची उदाहरणे, मग चुकीच्या उत्तरांची उदाहरणे आणि ती का चुकली याचे स्पष्टीकरण. काही कामे यंत्रापासून पूर्णपणे लपवून ठेवायची आणि शेवटी त्यांवरच परीक्षा घ्यायची, ही त्याची कसोटी. न पाहिलेले काम केवळ सूचना वाचून जमले, तरच शिकणे झाले. एरवी ते पाठांतर.

चाळीस गुंठ्यांचा प्रश्न

हे सारे नगरच्या शिवारात आणून पाहिले, की सूचना समजणे म्हणजे काय, हे स्पष्ट होते. आडसाली उसासाठी कृषी विद्यापीठाची खताची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० किलो स्फुरद आणि १७० किलो पालाश अशी आहे. पूर्वहंगामी उसासाठी नत्र ३४० किलो आणि सुरू उसासाठी २५० किलो. शेतकरी मात्र हेक्टरात बोलत नाही. तो एकरात आणि गुंठ्यांत बोलतो. चाळीस गुंठ्यांचा एक एकर आणि सुमारे अडीच एकरांचा एक हेक्टर. म्हणजे आडसालीला एकरी सुमारे १६० किलो नत्र लागते.

आता ‘एक एकर आडसालीला युरिया किती टाकू?’ असे विचारल्यावर यंत्राने शिफारशीचा आकडा अचूक आठवला, पण एकर आणि हेक्टर यांची गल्लत केली, असे समजू. सगळे नत्र युरियातूनच द्यायचे असे धरले, तर ४५ किलोच्या सुमारे आठ गोण्यांऐवजी उत्तर एकोणीस गोण्यांचे येईल. भाषा सफाईदार, वाक्यरचना निर्दोष आणि सल्ला घातक! पैसा वाया जाईल, जमीन बिघडेल, पीक लोळेल. शिवाय हे नत्र एकदम द्यायचे नसून लागणीपासून मोठ्या बांधणीपर्यंत चार हप्त्यांत विभागून द्यायचे असते. ही गोष्ट विचारणाऱ्याने विचारली नाही तरी सांगायला हवी. अनुभवी कृषी सहायक ती आपणहून सांगतो. यंत्राला तसे करायला शिकवायचे तर त्याच्या कित्त्यात तशी उत्तरे असावी लागतात आणि ती लिहिणारा माणूस शेती जाणणारा असावा लागतो.

शब्दांचीही हीच अडचण आहे. ‘वाफसा’ म्हणजे पेरणीयोग्य ओल, हे ग्रामीण महाराष्ट्रात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. पण त्याला नेमका इंग्रजी प्रतिशब्द नाही. ‘खोडवा’, ‘आडसाली’, ‘लागण’, ‘बेणे’ यांचेही तसेच. पाथर्डी-शेवगाव भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या मजुरांच्या बोलीत ‘कोयता’ म्हणजे केवळ हत्यार नव्हे. तोडणीला जाणारे नवरा-बायकोचे जोडपे, हे त्या नावाचे हिशेबाचे एकक आहे. ‘उचल’ म्हणजे मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम. ‘उचल फिटली का?’ या प्रश्नात एका कुटुंबाचा वर्षभराचा हिशेब सामावलेला असतो. इंग्रजीतून मराठीत उतरलेल्या यंत्राला तेथे काहीतरी वर उचलायचे आहे, असे वाटले तर नवल नाही.

मराठीचे पाठ्यपुस्तक

२०११ च्या जनगणनेनुसार मराठी ही ८ कोटी ३० लाख लोकांची मातृभाषा आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तिला अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. परंतु यंत्राच्या दृष्टीने भाषेची श्रीमंती बोलणाऱ्यांच्या संख्येवर ठरत नाही, ती संगणकीय रूपात उपलब्ध असलेल्या मजकुरावर ठरते. इंग्रजी विकिपीडियात ७० लाखांहून अधिक लेख आहेत, तर मराठीत सुमारे लाखभर. मराठी विश्वकोशाचे वीस खंड महाजालावर आले, ही मोठीच जमेची बाजू. तरी दरी मोठी आहे.

ती बुजवण्याचे प्रयत्न अनेक ठिकाणी चालू आहेत. मुंबईच्या आयआयटीत भारतीय भाषांच्या संगणकीय अभ्यासाचे केंद्र दोन दशकांहून अधिक काळ कार्यरत असून मराठी शब्दांच्या अर्थसंबंधांचे जाळे तेथे विणले गेले. पुण्यातील ‘एलथ्रीक्यूब’ या गटाने रविराज जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांकडून मराठीचे मूलभूत काम करून घेतले. २०२१ साली सुमारे १६ हजार मराठी ट्वीट त्यांतील भावनेनुसार वर्गीकृत झाले. पुढच्या वर्षी व्यक्ती, स्थळे, संस्था आदींच्या नावांवर हाताने खुणा केलेली २५ हजार वाक्ये तयार झाली आणि २ कोटी ४८ लाख मराठी वाक्यांचा संग्रह व त्यावर आधारलेली ‘महाबर्ट’सारखी प्रारूपे सर्वांना खुली करण्यात आली. एखादे वाक्य उपरोधाचे की कौतुकाचे, हे ठरवत बसलेल्या त्या विद्यार्थ्यांनी यंत्राची प्राथमिक शाळाच चालवली म्हणायची.

सूचना आणि उत्तरांच्या जोड्यांचे काम त्यानंतर आले. २०२४ च्या फेब्रुवारीत ‘आया’ हा जागतिक प्रकल्प प्रसिद्ध झाला. सुमारे तीन हजार स्वयंसेवकांनी ६५ भाषांत दोन लाखांहून अधिक जोड्या लिहिल्या वा तपासल्या होत्या. त्यांत मराठीही आहे. मद्रास आयआयटीतील ‘एआयफॉरभारत’ या केंद्राने त्याच वर्षी २२ भारतीय भाषांसाठी ७ कोटी ४८ लाख जोड्यांचा संच दिला. अर्थात एवढी मोठी संख्या गाठताना बराचसा मजकूर भाषांतराने वा यंत्राच्या साहाय्याने तयार करावा लागतो. ‘मिसळ’ या अस्सल मराठमोळ्या नावाचे, सूचना पाळणारे मराठी प्रारूपही २०२४ मध्येच आले.

येथे एक भेद ध्यानात ठेवायला हवा. भाषांतरित जोडीतून यंत्र मराठी शब्द शिकते. पण प्रश्न परक्या मुलखातलाच राहतो. बर्फ हटवण्याविषयीचा उत्तम मराठी सल्ला अकोले तालुक्यातील भातशेतीच्या कामाचा नाही.

शिकवणाऱ्यांची मजुरी

यंत्राचा शिक्षक कोण, हा प्रश्न तांत्रिक तितकाच सामाजिक आहे. चॅटजीपीटीच्या घडणीत घातक मजकूर ओळखण्याचे काम केनियातील कामगारांनी तासाला दोन डॉलरपेक्षा कमी मोबदल्यात केल्याचे वृत्त ‘टाइम’ नियतकालिकाने जानेवारी २०२३ मध्ये दिले आणि या अदृश्य श्रमांकडे जगाचे लक्ष गेले.

या संदर्भात महाराष्ट्रात झालेला एक प्रयोग मोलाचा आहे. मायक्रोसॉफ्टच्या भारतातील संशोधन विभागाशी संबंधित अभ्यासकांनी २०२० साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ग्रामीण भागातील अल्प उत्पन्न गट, शहरातील अल्प उत्पन्न गट आणि विद्यापीठाचे विद्यार्थी अशा तीन गटांतील ३६ जणांकडून मोबाइलवर मराठी वाक्ये वाचून घेण्यात आली. एकूण १०९ तासांचे ध्वनिमुद्रण जमले. गरीब, कमी शिकलेल्या माणसांचे काम विद्यार्थ्यांच्या कामाच्या तोडीचे निघाले. यंत्राला मराठी शिकवायला पदवी लागत नाही, मराठी यावी लागते, असा त्याचा अर्थ. या धाग्यातूनच ‘कार्या’ ही संस्था आकाराला आली. तासाला सुमारे पाच डॉलर मोबदला आणि मजकूर पुन्हा विकला गेल्यास त्यात वाटा, असे धोरण तिने जाहीर केले.

जिल्हा एक, बोली अनेक

सतरा हजार चौरस किलोमीटरहून अधिक विस्तार असलेला अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा. त्याच्या चौदा तालुक्यांत मराठी एकाच चालीने बोलली जात नाही. अकोल्याच्या डोंगराळ भागातील महादेव कोळी आणि ठाकर समाजाची बोली वेगळी, नाशिककडे झुकलेल्या कोपरगावची वेगळी आणि बीड, धाराशिव, सोलापूरच्या सीमेवरील जामखेड-कर्जतची ढब वेगळी. पुस्तकी मराठीवर वाढलेले यंत्र यांपैकी किती जणांचे बोलणे समजून घेईल, हा खरा प्रश्न आहे. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि गुगल यांच्या ‘वाणी’ प्रकल्पात बोलणाऱ्यांचे नमुने भाषेनुसार न घेता जिल्ह्यानुसार घेतले जातात, ते यासाठीच. चित्र दाखवून ‘याविषयी बोला’ असे सांगितले जाते. वाचायला दिले की माणूस पुस्तकी बोलतो. पाहून बोलायला लावले की घरचे बोलतो.

लोकांना समजेल अशा भाषेत ज्ञान आणण्याची परंपरा या जिल्ह्याला नवी नाही. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती नेवाशात, इ. स. १२९० मध्ये. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ साली नगरमध्येच सुरू झाले. सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले तेही नगरला, मिस फरार यांच्या संस्थेत. शिकवणाऱ्याला आधी शिकावे लागते, हा धडा या भूमीने पूर्वीच गिरवला आहे.

होकाराचा मोह

या पद्धतीच्या मर्यादाही तिच्या घडणीतूनच येतात. माणसाला आवडेल असे उत्तर दिले की गुण मिळतात. त्यामुळे यंत्राला होकाराची सवय जडते. विचारणाऱ्याचा समज चुकीचा असला तरी ते त्याला दुजोरा देऊ लागते. दुसरे असे, की ‘मला ठाऊक नाही’ या उत्तराला परीक्षकांनी कमी गुण दिले, तर यंत्र अज्ञान कबूल करण्याऐवजी आत्मविश्वासाने काहीतरी रचून सांगते. तिसरे, चूक झाली तर जबाबदारी कोणाची, हे अद्याप धूसरच आहे.

हे प्रश्न आता पुढे ढकलता येण्याजोगे नाहीत. पंतप्रधान किसान योजनेसाठी ‘किसान ई-मित्र’ ही संवादी सेवा सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली आणि पुढे ती मराठीतही आली. महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये ‘महाविस्तार’ हे शेतकऱ्यांसाठीचे साधन आणले. त्याच वर्षी जूनमध्ये कृषी क्षेत्रातील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी २०२५ ते २०२९ या काळाचे धोरण मंजूर करून पाचशे कोटी रुपयांची तरतूद केली. म्हणजे यंत्राचा सल्ला शेताच्या बांधापर्यंत पोहोचलाच आहे.

तो भरवशाचा व्हावा, यासाठी काय करता येईल, हेही पुरेसे स्पष्ट आहे. राहुरीच्या विद्यापीठाची कृषिदर्शनी आणि पीक शिफारशी यांसारखा तपासलेला मजकूर यंत्रापुढे ठेवून त्याच्याच आधारे उत्तर द्यायला लावणे, गणिताचा भाग ‘फुले जल’सारख्या हिशेबी साधनाकडे सोपवणे, प्रमाण सांगताना एकर की हेक्टर हे आधी विचारायला शिकवणे आणि उत्तरांचे परीक्षण कृषी सहायक व जाणत्या शेतकऱ्यांकडून, योग्य मोबदला देऊन, करून घेणे. यांपैकी एकाही गोष्टीसाठी नवा शोध लागण्याची वाट पाहावी लागत नाही. लागतात ती मराठीत विचार करून मराठीत लिहिणारी माणसे. यंत्र सूचना पाळायला शिकले आहे. पाथर्डीची ‘उचल’ आणि राहुरीचा ‘वाफसा’ त्याला समजावून सांगण्याचे काम मात्र तेथील माणसांनाच करावे लागणार आहे.